येसबा शाहिरांच्या वहीतल्या चार कोऱ्या ओळी

नमस्कार मंडळी. आधीच कबूल करून टाकतो — या पानावरचे अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं नेमाने वाचतो, पण विश्वास ठेवून नव्हे, चुका काढायला. वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कुणी लिहिलं, की मी मनात विचारतो, अंतर किती होतं, चष्मा लावला होता का. एकतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. पोरं माघारी मला ‘लाल पेन’ म्हणायची. भूतखेत, करणी, अंगात येणं यातलं मी काही मानलं नाही आणि आजही मानत नाही. तरी हे लिहायला बसलोय, कारण माझ्याच मोबाइलमध्ये एक गोष्ट आहे आणि तिचं काय करावं ते मला कळत नाही. हसायचं असेल तर खुशाल हसा. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

मी राहतो आळेफाट्याला, चौकापासून पाच मिनिटांवर. खाली गॅरेज, वर माझ्या दोन खोल्या. दिवसभर खाली ठोकाठोकी चाललेली असते आणि चौकातून ‘नाशिक नाशिक’, ‘नगर नगर’ अशा हाका येत असतात. दुपारी दोन ते चार गॅरेजवाले जेवून गाड्यांच्या सावलीत आडवे होतात, तेवढीच काय ती शांतता. मुलगा बंगळूरला. रविवारी व्हिडिओ कॉल करतो, ‘बाबा, जेवलात का?’ विचारतो. मी ‘हो’ म्हणतो. कधी कधी खोटं असतं ते. शैला — माझी बायको — दोन-सव्वादोन वर्षांपूर्वी गेली, आणि एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, हे मुलाला कसं सांगणार?

आता मूळ विषय. आळ्याचे येसबा शाहीर हे नाव तुम्ही ऐकलं नसणार. छप्पन सालच्या धर्मांतरानंतरच्या वर्षांत जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात गावोगाव त्यांचा जलसा व्हायचा. जलसा म्हणजे आधी वंदन, मग गाणी, थोडी टिंगलटवाळी आणि शेवटी एक नाटक. गाणी, कविता, नाटकं सगळं येसबांनी स्वतः लिहिलेलं, आणि एक ओळ कधी छापली गेली नाही. वह्या राहिल्या. पार्टीतल्या ज्याला हवं त्याने त्यावरून आपल्या हाताने नक्कल उतरून घेतली. निवृत्तीनंतर मी त्या वह्या गोळा केल्या आणि येसबांचं समग्र साहित्य नीट संपादित करून छापायचं ठरवलं. पुण्याचे एक प्रकाशक तयारही झाले.

आता एकाच नाटकाच्या चार वह्या, आणि चारी चार तऱ्हेच्या. एकीत ‘भाकर’ तर दुसरीत ‘तुकडा’. एकीत आई आधी बोलते, दुसरीत मुलगा. याला आम्ही पाठभेद म्हणतो. वह्यांना मी नावं दिली होती — अ, ब, क, ड. अ ही खुद्द येसबांच्या हातची, त्यांच्या नातवाकडे पत्र्याच्या पेटीत सापडलेली. ब त्यांच्या पुतण्याची. क आणि ड पार्टीतल्या दोघा गड्यांच्या.

वह्या ताडून बघायला दोन माणसं लागतात. एकाने एक वही मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसऱ्या वहीवर बोट ठेवून ऐकायचं आणि फरक आला की थांबवून टिपून घ्यायचा. आमच्यात वाचायचं काम शैलाचं. ती प्राथमिकला शिक्षिका होती, आवाज खणखणीत. पण तिला नुसतं वाचता येत नसे. म्हातारा आला की म्हाताऱ्याचा आवाज, पाटील आला की पाटलाचा. मी म्हणायचो, ‘अगं, अभिनय नको. कोरडं वाच. स्वल्पविराम कुठे आहे ते मला कळलं पाहिजे.’ मग ती तोंड मिटून हसायची आणि दोन पानं कोरडं वाचायची. तिसऱ्या पानावर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

ती गेल्यावर काम सात-आठ महिने बंद राहिलं. मग मी जुगाड काढलं. एक वही मीच मोठ्याने वाचून मोबाइलवर रेकॉर्ड करायची, आणि मग ते रेकॉर्डिंग लावून दुसऱ्या वहीवर बोट फिरवायचं. दुपारी दोन ते चार. आपलाच आवाज, आपणच ऐकणारे. सुरुवातीला विचित्र वाटलं. नंतर खरं सांगू? घरात कुणीतरी बोलतंय, याचंच बरं वाटायला लागलं.

येसबांचं सगळ्यात गाजलेलं नाटक ‘लेकराची शाळा’. आई आपल्या एकुलत्या एका मुलाला शिकायला लांबच्या बोर्डिंगात पाठवते, एवढीच गोष्ट. शेवटी निरोपाचं गाणं आहे, चार कडव्यांचं. घोळ तिसऱ्या कडव्यात. अ वहीत, म्हणजे येसबांच्या हातच्या वहीत, तिथे चार ओळींची जागा कोरी. आजूबाजूला अक्षर दाटीवाटीने बसवलेलं, कागद वाया जाऊ नये म्हणून समासातसुद्धा लिहिलेलं, आणि मधेच ही कोरी जागा. ब वहीत त्याच जागी बारीक अक्षरात लिहिलंय — ‘इथं गंगाराम आपलं म्हणंल.’ क आणि ड मध्ये पूर्ण कडवं आहे, पण दोघांचं वेगवेगळं. क मधलं ‘ज्ञानाचा दिवा, प्रगतीचा रथ’ थाटाचं. ड मधलं त्याहून वाईट.

मी काय ठरवलं होतं? की अ मध्ये येसबांना कडवं सुचत नव्हतं म्हणून जागा ठेवली, पुढे ते सुचलं आणि क मध्ये उतरलं. म्हणजे क चं कडवं मुख्य संहितेत घ्यायचं, ड चं तळटिपेत, विषय संपला. फक्त त्या गंगारामचा शोध घ्यायचा राहिला होता, तोही कर्तव्य म्हणून.

गंगाराम केव्हाच वारलेला. त्याची मुलगी हौसाबाई महाळुंगे पडवळला असते असं कळलं. गेलो. नारायणगाव, मग कळंब, तिथून वडापच्या जीपने. हौसाआक्का पंच्याहत्तरीच्या पुढच्या, दिसायला कमी झालेलं, कान मात्र तिखट. सून सुमन अंगणवाडीत आहे. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. आक्का ओट्यावर बसलेल्या, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. मी काय काम काढलंय हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा —

‘मास्तर, मग आबाचं म्हननं येनार ना पुस्तकात?’

‘कोणतं म्हणणं, आक्का?’

‘आईचं. शेवटचं. ताट हातात घिऊन म्हनायचा ते.’

तेव्हा कळलं. बायका जलशात उभ्या राहत नसत, त्यामुळे नाटकातली आई गंगाराम व्हायचा. लुगडं नेसून, हातात पितळी ताट घेऊन. ही आठ-नऊ वर्षांची पोर कनातीमागे बसून बघायची.

‘येसबातात्या समद्यांला जागा सोडायचा,’ आक्का म्हणाल्या. ‘दर नाटकात कुनाची ना कुनाची. म्हनायचा, माझं मी लिवलं, आता तुजं तू म्हन. मंग आबानी आपलं केलं ते कडवं. आबाला लिवता कुठं येत व्हतं? तोंडानंच. मानसं लई रडायची, मास्तर.’

म्हणजे ती जागा न सुचल्याची नव्हती. दिलेली होती. पुढे ज्यांनी वह्या उतरवल्या त्यांना कोरी जागा बघवली नाही म्हणून त्यांनी आपापलं काहीतरी तिथे कोंबलं. आणि मी त्यातलंच एक येसबांच्या नावावर खपवायला निघालो होतो! एकतीस वर्षांची मास्तरकी, आणि ही पत.

‘शब्द आठवतात का, आक्का?’

त्यांनी डोळे मिटले. बोटांनी मांडीवर ताल धरला. चाल होती, पुसट गुणगुण होती, शब्द नव्हते. मग मान हलवली. ‘न्हाई वो. चाल हाय, शब्द न्हाईत ऱ्हायले. मी धा वर्साची असताना आबा गेला.’

मग मी माझ्यातल्या लाल पेनाला जागलो. म्हटलं, आक्का, शब्द नसतील तर छापणार काय? तळटिपेत एवढंच लिहीन की ही जागा गंगाराम यांच्यासाठी होती. आणि वर क वहीतलं कडवं घ्यावं लागेल, नाहीतर गाणं अर्धवट वाटेल. प्रकाशकांचंही तेच म्हणणं आहे.

‘मंजी आबाच्या जागंवर दुसऱ्याचं बसवनार.’

‘पुस्तकाला पुरावा लागतो, आक्का.’

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, ‘आबाचा येक फोटू न्हाई. सातबाऱ्यावर नाव न्हाई. शाळंच्या दाखल्यावर न्हाई, शाळाच न्हाई तर. मानूस व्हता ह्याचाच पुरावा मी येकटी, आन मीबी आज हाय उद्या न्हाई. तुमाला पुरावा कुठनं आनून दिऊ?’

सुमनने चहा आणला. मी प्यायलो आणि निघालो. कळंबला बस मिळेपर्यंत अर्धा तास उभा होतो, आणि सगळा वेळ स्वतःशी वाद घालत होतो की मी नियमाने बरोबर आहे. नियमाने मी बरोबरच होतो.

आता पुढचं नीट वाचा. आणि चुका काढायच्या तर जरूर काढा.

त्यानंतर तीन दिवसांनी. दुपारची वेळ, सव्वादोन. छपाईला द्यायच्या आधीची शेवटची फेरी म्हणून मी ‘लेकराची शाळा’चा शेवट पुन्हा ताडत होतो. अ वही वाचून रेकॉर्ड केली. माझी एक सवय आहे — वहीत काही फाटलेलं, पुसलेलं, कोरं असेल तर तेही मोठ्याने बोलायचं. त्याप्रमाणे तिसऱ्या कडव्याशी मी ‘चार ओळी कोऱ्या’ असं म्हणालो आणि पुढे गेलो. मग ब वही उघडली, बोट ठेवलं, रेकॉर्डिंग लावलं. एका हातात पेन.

दुसरं कडवं संपलं. मोबाइलमधून माझा आवाज म्हणाला —

‘दोन भाकरी बांधल्या लेका, एक तुझी न् एक माझी…’

आणि पुढे थेट चौथं कडवं.

मी ती ओळ टिपून घेतली, हो! सवयच ती. ‘अ’ असं लिहून पुढे अख्खी ओळ लिहिली. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की अ मध्ये तिथे काहीच नाही.

मी रेकॉर्डिंग मागे नेलं. ओळ होती. आवाज माझाच, घसा खाकरण्याची तऱ्हा माझी, मागे पंख्याची घरघर. वही बघितली, जागा कोरी. पुन्हा वाचून नवीन रेकॉर्डिंग केलं, त्यात मात्र मुकाट्याने ‘चार ओळी कोऱ्या’. म्हटलं, झालं, म्हातारपण आलं. मनात आक्का घोळत होत्या, तोंडातून काहीतरी निघून गेलं, ध्यानात राहिलं नाही. होतं असं. पत्ता विसरतो, गॅस विसरतो, तसं हे.

चार दिवसांनी क वही वाचली. ‘ज्ञानाचा दिवा’ मी स्वतः, शुद्धीत, मोठ्याने वाचला. वाचताना तो मला किती आवडत नाही हेही मनात आलं. लावून बघतो तर दिवा नाही, रथ नाही. तीच ओळ, आणि तिच्यापुढे आणखी एक. आता मला भीती वाटली म्हणाल तर नाही. राग आला. कुणीतरी आपल्या वहीत हात घातल्यावर येतो तसा राग. ड वही घेतली आणि त्याच बैठकीत वाचून काढली. एकेक शब्दावर बोट ठेवून, आरशासमोर बसून, ओठ बघत. मग लावलं. पूर्ण कडवं आलं.

दोन भाकरी बांधल्या लेका, एक तुझी न् एक माझी,
वाटंवरती दोन्ही खा तू, शिळी नको, खा ताजी ताजी.
भूक तुझ्यासंगं धाडली रं, हितं कुणाची चूल पेटवू?
ताट तुझं हे पालथं घालून, तोंड तुझं रं किती आठवू?

मी मोबाइल पालथा ठेवला. खाली गॅरेजमध्ये कुणीतरी पाना आपटला, हाका सुरू झाल्या, चार वाजले होते. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो आणि नंतरही जेवलो नाही. त्या तिसऱ्या ओळीचं काय करायचं तेच कळेना. दीड वर्ष मी हेच विचारत होतो, हितं कुणाची चूल पेटवू, फक्त इतक्या साध्या शब्दांत विचारता आलं नव्हतं. रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

मुलाला सांगितलं नाही. त्याने लगेच तिकीट काढून मला बंगळूरला नेलं असतं आणि डोक्याचं स्कॅनिंग केलं असतं.

दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला गेलो. सुमन अंगणात कांदे निवडत होती, आक्का ओट्यावरच. मी फार प्रस्तावना केली नाही. ‘आक्का, काहीतरी ऐकवतो,’ एवढं म्हणालो आणि ड चं रेकॉर्डिंग लावलं.

पहिल्या ओळीला त्यांची बोटं मांडीवर सुरू झाली. दुसऱ्या ओळीला थांबली. मग शेवटपर्यंत त्या हलल्या नाहीत. सुमन कांदा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

‘पुन्यांदा लावा.’

लावलं.

‘पुन्यांदा.’

तिसऱ्यांदा संपलं तेव्हा मी विचारलं, ‘हेच होतं का, आक्का?’

त्यांनी मोबाइलकडे बोट केलं. म्हणाल्या, ‘आवाज तुमचा हाय.’

‘हो. माझाच.’

‘पर “घालून” म्हनल्यावर मधी दम घेतलाय, त्यो तुमचा न्हाई. त्यो आबाचा हाय.’

मी पुन्हा लावून कान देऊन ऐकलं. खरंच, शेवटच्या ओळीत ‘पालथं घालून’ नंतर श्वास घेतला होता. खोल, जरा खरखरीत, आणि नको इतका लांब. मी तो आधीही ऐकला होता, पण मोबाइल अडखळला असेल म्हणून सोडून दिला होता.

‘खडी फोडायला जायचा आबा,’ आक्का सांगत होत्या. ‘छातीत धूळ बसली व्हती. येक वळ येका दमात म्हनता येत नसायची त्याला. मानसांला वाटायचं, आईचा गळा दाटलाय. टाळ्या पडायच्या. आमाला घरात ठावं व्हतं, त्यो दम कशाचा हाय.’

‘हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं कधी? मला? मागच्या वेळी?’

‘तुमाला? तुमी शब्द इचारले, मास्तर. दमाचं कुठं इचारलं?’

सुमन हळूच म्हणाली, ‘सर, मला पण आज पहिल्यांदाच कळतंय हे.’

आता शंका मीच काढतो, तुम्ही कशाला त्रास घेता. ताटाचं आक्कांनी मला आधी सांगितलं होतं. बोर्डिंग, आई, निरोप हे नाटकातच आहे. माझं डोकं मराठीचं, आयुष्यभर कविता शिकवली. एकटा माणूस, नीट न जेवणारा. मनाने कडवं रचलं आणि तोंडाने ते बेशुद्धीत म्हटलं, असं कुणी म्हणालं तर मी मान्य करीन. मग आरशात ओठ ड वहीतले शब्द म्हणताना कसे दिसले, ते मी चुकीचं पाहिलं म्हणू. पण त्या श्वासाचं काय करू? माझी छाती ठणठणीत आहे. मी दोन जिने न थांबता चढतो.

आणि एक सांगायचं राहिलंय. त्याशिवाय हे प्रामाणिक होणार नाही. आक्कांकडून आल्यावर माझ्या डोक्यात एकच विचार होता. ज्या माणसाला मी पाहिलं नाही, ज्याचं नावसुद्धा मला तळटिपेपुरतं माहीत होतं, तो जर माझ्या आवाजात येऊन जातो, तर शैला का नाही? मी तिच्या आवडीची पानं काढली. पाटलाचा प्रवेश, म्हातारीचं भांडण. रोज दुपारी वाचायचो आणि लावून बघायचो. पंधरा-वीस दिवस हेच केलं. पुस्तकाचं काम तसंच पडलं. कुठे एखादा सूर तिच्यासारखा चढतोय का, पाटील खाकरतोय का, म्हणून जीव कानात आणून ऐकायचो. काही नाही. माझाच आवाज, कोरडा, स्वल्पविरामासकट. गंगारामही पुन्हा आला नाही. तिन्ही जुनी रेकॉर्डिंगं आहेत, त्यांत त्या ओळी अजून आहेत. नव्यात काही नाही.

इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी माणसं होती.

शेवटी प्रकाशकांचा फोन आला आणि संहिता द्यावीच लागली. तिसऱ्या कडव्याच्या जागी मी चार ओळी कोऱ्या सोडल्या, येसबांनी सोडल्या तशा. खाली तळटीप. तिच्यात ब मधली नोंद, क आणि ड ची कडवी, आणि त्यांच्यापुढे गंगारामचं कडवं, त्याच्या नावासकट. पण कडवं दिलं की ते कुठून घेतलं हे सांगावं लागतं. आक्कांच्या तोंडून, असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण ते खोटं झालं असतं. त्यांनी ते माझ्या मोबाइलवर ऐकलं, मी त्यांच्याकडून नाही. दोन दिवस विचार केला आणि हस्तलिखितांच्या यादीत अ, ब, क, ड नंतर एक ओळ वाढवली — ‘इ. ही प्रत संपादकाने पाहिलेली नाही; ऐकली आहे.’ प्रकाशक म्हणाले, ‘सर, हे काय आहे? विद्वान लोक फाडून खातील.’ म्हटलं, खाऊ द्या.

पुस्तक आलं तेव्हा पहिली प्रत घेऊन महाळुंग्याला गेलो. आक्कांनी पुस्तकावरून हात फिरवला, म्हणाल्या, आबा कुठं हाय ते दावा. मी पान काढलं आणि त्यांचं बोट धरून नावावर टेकवलं. त्या बोट न उचलता बसून राहिल्या. सुमनने तळटीप वाचून दाखवली. ‘चूल’ शब्दाची ओळ तिने पुन्हा वाचली.

‘आन वर काय हाय?’ आक्कांनी विचारलं.

‘वर जागा कोरी सोडलीय.’

‘बेस केलं.’ मग म्हणाल्या, ‘मास्तर, तुमचा चेहरा मला धड दिसत न्हाई. पर आवाज उतरलाय. काय झालं?’

आणि मी, जो पोटच्या पोराला सांगत नाही, त्याने त्यांना सगळं सांगितलं. शैलाचं वाचणं, माझं ‘कोरडं वाच’, दुपारच्या त्या पंधरा-वीस फेऱ्या. तुमचा आबा आला, आक्का, माझी बायको नाही आली. बोलताना रागच होता माझ्या बोलण्यात, लहान पोरासारखा.

आक्कांनी पुस्तक मांडीवर नीट ठेवलं. मग म्हणाल्या, ‘आबाला जागा सोडलेली व्हती, मास्तर. येसबातात्यानी सोडली व्हती. तुमी बाईंला कुठं सोडली? तुमी तर समदं येका दमात वाचून काढताय.’

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून आलो, आळेफाटा कधी आला कळलं नाही, कंडक्टरने उठवलं.

हे होऊन आता चार महिने झाले. पुस्तक पाहून एका प्राध्यापकांचा फोन आला होता, ‘इ’ प्रत बघायला मिळेल का म्हणून. मी म्हटलं, या, ऐकवतो. ते अजून आले नाहीत. आक्का बऱ्या आहेत. सुमन सांगते, पुस्तक उशाशी असतं.

आणि मी? मी दुपारी दोन वाजता येसबांच्या कवितांची वही घेऊन बसतो, मोबाइल चालू करतो. चार ओळी वाचतो आणि थांबतो. साधारण चार ओळींना लागेल एवढा वेळ. मग पुढच्या चार. नंतर लावून ऐकतो. थांबलेल्या जागी पंखा असतो, कधी लांबून ट्रकचा हॉर्न असतो. बाकी अजून तरी काही नाही. गंगारामचा श्वास माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कुठून आला, हे मला कळलेलं नाही, आणि कुणाला कळलं असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. मी फक्त जागा सोडतो.